शेजारच्या खोलीत कोण बसणार आहे?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर.

गेल्या अंकात रक्तदाबाविषयी लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर मी पुन्हा एक वर्ष कमी पगारावर शिकले आणि ते वर्ष मला आजही पुरतं आहे. रक्तदाबावर दोन पत्रं आली, या वाक्यावर सतरा. त्यातली पाच इथे घेते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत डॉक्टर नसलेले, तरी पेशंट तपासून निदान करणारे आणि औषध लिहून देणारे मुख्यतः दोन प्रकारचे लोक असतात. नर्सिंगमधून पुढे शिकलेले ते नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी. दुसरे फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए. पदवी आणि परवाना हातात पडल्यावर यांनी रोजच्या साध्या ओपीडीत, कोणाच्या तरी देखरेखीखाली, साधारण वर्षभर काम करत शिकायचं, याला कुठे फेलोशिप म्हणतात, कुठे रेसिडेन्सी. नावं दोन असली तरी गोष्ट एकच. आणि इथलं कम्युनिटी हेल्थ सेंटर म्हणजे मुख्यतः गरीब वस्तीतल्या लोकांसाठी चालणारा दवाखाना.

प्रश्न : ताई, मी मूळची नाशिकची. एडिसनला येऊन सहा वर्षं झाली. मे महिन्यात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं मास्टर्स पूर्ण झालं, बोर्डाची परीक्षाही पास झाले. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक खासगी प्रॅक्टिस आहे. तिथे पगार पूर्ण, पण तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाला १८ पेशंट. दुसरं कम्युनिटी हेल्थ सेंटर. तिथे १२ महिन्यांची फेलोशिप, पगार बराच कमी, वर पुढे एक वर्ष तिथेच काम करायचा बाँड. घरात सगळे म्हणतात, डिग्री झाली, परीक्षा झाली, आता आणखी काय शिकायचं? काय करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी माझं सांगते, मग तुझ्याकडे वळू.

माझी पहिली नोकरी तुझ्या त्या खासगी प्रॅक्टिससारखीच होती. २०१२ साली एनपी झाले, तेव्हा माझ्यामागे वॉर्डातली तेरा वर्षं होती. त्यातली सात मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात गेली, सहा इथे. मला वाटलं, मी काय नवखी आहे? तिसऱ्या आठवड्यात दिवसाला सोळा पेशंट सुरू झाले. कागदावर माझे देखरेख करणारे डॉक्टर म्हणून ज्यांची सही होती, ते वीस मैलांवरच्या दुसऱ्या शाखेत बसायचे. माणूस भला होता, फोन केला तर उचलायचा. पण त्यांच्याही बाहेर पेशंट ताटकळत असायचे आणि ते माझ्या कानाला कळायचं. मग मी फोन करणं कमी केलं.

एका शुक्रवारी माझ्या इनबॉक्समध्ये १४० निरोप पडले होते. रिफिल, लॅबचे रिपोर्ट, शाळेचे फॉर्म, विम्याचे कागद. शनिवारी रात्री दहाला झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला, तर आदल्या दिवशी दुपारी आलेला एका आजोबांचा पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट दिसला, ५.९. लॅबने उठून फोन करावा इतका नाही, पण किडनी अधू असलेल्या माणसाचा सोमवारपर्यंत ठेवावा इतका साधाही नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या ज्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, तिचाच डोस मी आठवड्यापूर्वी वाढवला होता. त्याच रात्री फोन करून त्यांना इमर्जन्सीत पाठवलं. ते बरे झाले, पुढे मला भेटायलाही आले. पण ती रात्र अजून माझ्या अंगावर येते. सहाव्या महिन्यात मी ती नोकरी सोडली आणि फेलोशिपसाठी अर्ज केला. घरचे तुझ्या घरच्यांसारखंच म्हणाले.

वॉर्डातला अनुभव इथे पुरत नाही, हे मला मान्य करायला वेळ लागला. वॉर्डात पेशंट येतो तो निदानाची चिठ्ठी घेऊनच. निमोनिया, हार्ट फेल्युअर, काय असेल ते. तो बिघडतोय का ते आपण ओळखतो, आणि ते कोणत्याही हाउसमनपेक्षा लवकर ओळखतो. ओपीडीत माणूस समोर बसतो आणि म्हणतो, "थकवा येतो." दार बंद असतं. थायरॉइड असेल, रक्त कमी असेल, नवरा मारत असेल, आतड्याचा कॅन्सर असेल, दोन नोकऱ्या असतील. पंधरा-वीस मिनिटांत ठरवायचं असतं, आणि ठरवणारी तूच. त्यासाठी तू शिकताना किती तास बसलीस? आपल्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान ५०० तास ही अट वर्षानुवर्षं होती. २०२२ च्या नव्या मानकांत ती ७५० झाली. फॅमिली डॉक्टर मेडिकल कॉलेज संपवून तीन वर्षं रेसिडेन्सी करतो. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही. एनपी चांगलं काम करतात, मी रोज बघते. पण पहिलं वर्ष कोणाचंच सोपं नसतं, आणि डॉक्टरांसाठी त्या वर्षाची सोय केलेली आहे, आपल्यासाठी नव्हती.

ती सोय पहिल्यांदा झाली २००७ साली, कनेक्टिकटमध्ये मिडलटाउन नावाच्या गावी. तिथल्या कम्युनिटी हेल्थ सेंटर या संस्थेने प्राथमिक आरोग्यसेवेतली देशातली पहिली एनपी रेसिडेन्सी सुरू केली. त्यामागे होत्या मार्गारेट फ्लिंटर, ज्या स्वतः एनपी. नव्या एनपी उत्साहाने हेल्थ सेंटरमध्ये यायच्या आणि कामाच्या गुंतागुंतीने खचून निघून जायच्या, हे त्या बघत होत्या. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंगच्या भवितव्यावर मोठा अहवाल काढला, त्यात नर्सेससाठी अशा रेसिडेन्सी असाव्यात ही शिफारस आली. मग एकेक करत अनेक राज्यांत त्या सुरू झाल्या.

आता तिथे नक्की काय होतं ते सांगते. आठवड्याचे दहा अर्धे दिवस धर. त्यातले साधारण चार तुझे स्वतःचे पेशंट, पण शेजारच्या खोलीत प्रीसेप्टर, म्हणजे देखरेख करत शिकवणारी अनुभवी सहकारी, बसलेली. दोन अर्धे दिवस त्वचा, हाडं, मानसिक आरोग्य, स्त्रियांचे आजार अशा ठिकाणी फिरती. दोन अर्धे दिवस सेंटरच्या टीमसोबत, जरा जास्त मोकळीक देऊन. उरलेल्यात व्याख्यान, केसवर चर्चा, आणि सेंटरच्या कामातली एखादी अडचण हातात घेऊन ती सुधारायची. जागेप्रमाणे हे थोडं इकडेतिकडे होतं.

यातले ते पहिले चार अर्धे दिवस, तेच खरं. माझ्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एक ब्राझीलची बाई आली. रात्री ऑफिसांची साफसफाई करायची, पोर्तुगीज बोलायची, दुभाषी टेबलावरच्या फोनमधून. नऊ वर्षांचा डायबेटिस. म्हणाली, पाय झिणझिणतात, रात्री तळव्यांची आग होते. मी मनात निदान करून मोकळी झाले : साखरेने नसा गेल्या. कोणती गोळी, किती डोस, सगळं ठरवून बाहेर आले आणि प्रीसेप्टरला घडाघडा सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "बूट काढलेस?"

नव्हते काढले.

आम्ही दोघी आत गेलो. प्रीसेप्टर गोल स्टुलावर बसली, बाईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मोजा हळूहळू खाली सारला. अंगठ्याखाली मोजा चिकटला होता. पाण्याने ओला करून सोडवला, तर मसुराएवढी जखम. तिने बूट उचलून आत हात घातला आणि तळातून एक स्टेपलरची पिन बाहेर काढली. कुठल्या तरी ऑफिसच्या जमिनीवरची, बुटाच्या तळातून आरपार आलेली. बाईला काहीही कळलेलं नव्हतं. पिन हातात घेऊन ती बघतच राहिली.

बाहेर आल्यावर प्रीसेप्टरने आणखी एक विचारलं, "मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे? बी-१२ कधी बघितलं?" मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय झिणझिणतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं. त्या खोलीत ते आठवलं नाही. बी-१२ कमीच निघालं. जखम सात आठवड्यांत भरली, झिणझिण्या कमी व्हायला बरेच महिने गेले. त्या सकाळी माझ्या नावावर फक्त तीन पेशंट होते, म्हणून हे सगळं झालं. सोळा असते तर ती बाई गोळीची चिठ्ठी घेऊन आणि बुटात पिन घेऊन घरी गेली असती.

म्हणून फेलोशिप निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तूही तो मुलाखतीत सरळ विचार : ज्या अर्ध्या दिवशी मी पेशंट बघेन, त्या वेळी प्रीसेप्टरच्या स्वतःच्या नावावर पेशंट लावलेले असतात का? "असतात, पण ती मध्येमध्ये वेळ काढते," असं उत्तर आलं तर ती फेलोशिप नाही, ती कमी पगाराची नोकरी आहे. प्रीसेप्टरचं त्या वेळचं काम तू एवढंच असलं पाहिजे. दुसरं, पहिल्या महिन्यात अर्ध्या दिवसाला किती पेशंट आणि बाराव्या महिन्यात किती, हे आकडे माग. तिसरं, तू फिरतीवर असशील तेव्हा तुझा इनबॉक्स कोण बघणार? हे विचारायला मुली लाजतात. लाजू नकोस, माझं पोटॅशियम आठव. आणि गेल्या वर्षी तिथून बाहेर पडलेल्या कोणाचा तरी नंबर घे आणि फोनवर बोल. ईमेलवर कोणी मनातलं लिहीत नाही.

बाँडचा कागद मात्र वकिलासारखा वाच. मध्येच सोडलं तर किती पैसे परत करायचे, कोणत्या कारणाला माफी, बाळंतपणाची रजा धरतात का. एक वर्षाचा बाँड मला रास्त वाटतो. दोनच्या पुढे गेला तर दहादा विचार कर. बाँड का घालतात तेही समजून घे. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झालं तेव्हापासून सरकारी पैसा मिळतो. आपल्याकडे तसा कायमचा झरा नाही. २०१० च्या आरोग्य कायद्यात एनपींच्या अशा प्रशिक्षणाची तरतूद कागदावर आली, पण तिच्यासाठी पैसे मंजूर झाले नाहीत. २०१९ पासून केंद्र सरकारची अनुदानं निघाली, ती काही सेंटरना मिळतात, काहींना नाही. बाकीचे स्वतःच्या खिशातून चालवतात. प्रीसेप्टर पेशंट न बघता बसते, त्या अर्ध्या दिवसाचं बिल होत नाही, हा त्यांचा खर्चच आहे. त्यांनी तुला वर्षभर शिकवावं आणि तू लगेच निघून जावंस, हे त्यांनाही परवडत नाही.

पगाराचं तुझं दुखणं मला कळतं. त्या वर्षी मी महिन्यातून दोन शनिवार जुन्या हॉस्पिटलात नर्स म्हणून शिफ्ट केल्या, कारण गावी घराचं काम काढलेलं होतं. दमले. पण निभावलं. तुझ्या घरी कर्जाचे हप्ते असतील, कोणाचं आजारपण असेल आणि खरंच शक्य नसेल, तर खासगी प्रॅक्टिसला एवढंच विचार, की पहिले तीन महिने अर्ध्या दिवसाला चारच पेशंट आणि त्याच इमारतीत एक नेमून दिलेलं माणूस, हे लेखी देणार का? दिलं तर ती नोकरीही वाईट नाही. नाही दिलं तर फेलोशिप घे. घरच्यांना सांग की आणखी शिकत नाहीये, काम करते आहे, फक्त एकटी करत नाहीये.

प्रश्न : फेलोशिप पूर्ण केली की स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करता येते का?
– एक वाचक, हार्टफर्ड, कनेक्टिकट

उत्तर : ते फेलोशिपवर नाही, तुमच्या राज्याच्या कायद्यावर आहे. तुमच्या कनेक्टिकटमध्ये डॉक्टरसोबत सहकार्याच्या कराराखाली किमान तीन वर्षं आणि किमान २,००० तास भरावे लागतात, त्यानंतर स्वतंत्र. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी २०२१ पासून दोन वर्षांच्या देखरेखीनंतर एनपीला डॉक्टरच्या सहीशिवाय औषध लिहिता येतं. फेलोशिपमध्ये तुम्ही विद्यार्थी नसता, परवानाधारक म्हणूनच काम करत असता, तेव्हा बाहेर पडताना सेंटरकडून तारखा आणि तास लिहिलेलं पत्र सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवा. नंतर माणसं बदलतात आणि पत्र मिळवताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : माझी मुलगी डॅलसला पीए झाली. नातेवाईक विचारतात, म्हणजे कंपाउंडर का? तिला वाईट वाटतं, मलाही. ती आता प्राथमिक आरोग्यसेवेतली फेलोशिप करायचं म्हणते आहे. पीएला त्याची गरज असते का?
– एक आई, डॅलस

उत्तर : वहिनी, नातेवाइकांना एवढंच सांगा की ती पेशंट तपासते, रोग ओळखते, औषध लिहून देते, टाके घालते. तेवढ्याने गप्प बसतील.

आणि मुलीला १९६५ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पीएचा पहिला वर्ग सुरू केला. १९६७ मध्ये त्यातले तिघे अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले. त्याच १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सबाईंनी आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी एनपींचं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत देशातलं पहिलं कम्युनिटी हेल्थ सेंटर उघडलं, आणि मेडिकेअरचा कायदाही त्याच वर्षीचा. मला या योगायोगाचं फार वाटतं. डॉक्टर पुरत नव्हते, माणसं दाराशी उभी होती, आणि तीन ठिकाणी लोकांनी तीन तऱ्हेने दार उघडलं. तुमची मुलगी त्यातल्या एका दारातून आली आहे.

गरजेचं विचाराल, तर पीएंच्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंटसोबतचे तास साधारण २,००० असतात, आमच्यापेक्षा बरेच जास्त. त्यामुळे ती एखाद्या चांगल्या, शिकवणाऱ्या प्रॅक्टिसमध्ये जाणार असेल तर फेलोशिपशिवायही निभेल. पण खेड्यात किंवा हेल्थ सेंटरमध्ये जायचं असेल, जिथे एकाच माणसाला डायबेटिस, नैराश्य, दारू आणि घरभाड्याची नोटीस हे सगळं एकदम असतं, तर तिचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडे आता एनपी आणि पीए एकाच वर्गात बसतात. पीए मुली सांध्यात इंजेक्शन द्यायला आणि छोट्या शस्त्रक्रियांना घाबरत नाहीत, एनपी मुली पेशंटच्या घरचं चटकन ओळखतात. दोघी एकमेकींकडून शिकतात. तिला जाऊ द्या.

प्रश्न : मी सांगलीत खासगी हॉस्पिटलात स्टाफनर्स आहे, बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं आयसीयूचा अनुभव. एक एजंट म्हणतो की चार लाख भरले तर अमेरिकेत थेट नर्स प्रॅक्टिशनर फेलोशिपला प्रवेश मिळवून देतो, वर पगारही मिळेल. घरचे दागिने मोडून पैसे उभे करायला तयार आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दागिने मोडू नका. हे पत्र पोचायच्या आत कोणाला एक रुपया दिला नसावा अशी मी आशा करते.

असा थेट प्रवेश नाही. फेलोशिप ही अगदी शेवटची पायरी आहे बाळा. त्याआधी अमेरिकेच्या नर्सिंग परवान्याची परीक्षा, एनक्लेक्स. मग व्हिसा. मग इथल्या विद्यापीठात एनपीचं मास्टर्स किंवा डॉक्टरेट. मग राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्राची परीक्षा, राज्याचा परवाना. मग फेलोशिपचा अर्ज. मी २००६ साली नर्स म्हणून आले. तेव्हा आदल्याच वर्षी नर्सेससाठी ५०,००० व्हिसांची वेगळी सोय अमेरिकी काँग्रेसने केली होती, त्या लाटेत माझा नंबर लागला. तरीही एनपी व्हायला मला पुढे सहा वर्षं लागली. आता तशी सोय नाही आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग अनेक वर्षांची आहे. नर्सेसना कामगार खात्याच्या एका टप्प्यातून सूट आहे हे खरं, एजंट तेवढंच खरं वाक्य पुढे करतात. पण सूट मिळाली म्हणून रांग लहान होत नाही. माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीने अशाच एका एजंटाला पैसे दिले होते. तिला मिळालेली कागदपत्रं एका संध्याकाळच्या प्रशिक्षण वर्गाची होती. ते पैसे परत आले नाहीत.

यायचंच असेल तर ये, माझी ना नाही. एनक्लेक्सपासून सुरू कर, तो अभ्यास स्वतः करता येतो. पण आयसीयूत तुझा हात बसला आहे, तर आपल्याकडचाही एक रस्ता बघ. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो रेसिडेन्सीच्याच धर्तीवर आहे, म्हणजे वर्गापेक्षा वॉर्डात जास्त. ज्या संस्थेत घेशील तिथे आधी जाऊन बघ, की मुलींना खरंच शिकवतात का रिकाम्या ड्युट्या भरायला वापरतात. एडिसनच्या मुलीला सांगितलेला पहिला प्रश्न तूही विचार.

प्रश्न : ताई, मी बीएएमएस. सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम करून नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर आहे. तुम्ही लिहिता तसं शेजारच्या खोलीत इथे कोणी नाही. शेजारी खोलीच नाही. मोबाइलला रेंज असली तर असते. आमच्यासाठी काही आहे का?
– एक वाचक, धडगाव

उत्तर : सतरा पत्रांत तुमचं पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. माझी आई पाटण तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई होती. रॉकेलच्या स्टोव्हवर सिरिंज उकळायची, चार वाड्या पायी करायची. मी तिच्या मागे पिशवी घेऊन जायचे. रात्री अंगणात कंदील दिसला की आई उठून चप्पल शोधायची. परत आल्यावर कधीकधी चुलीपाशी नुसती बसून राहायची. मोठी झाल्यावर विचारलं, काय विचार करायचीस? म्हणाली, "बरोबर केलं का, एवढंच."

महिन्याला ती एसटीने प्राथमिक आरोग्य केंद्रावर मीटिंगला जायची. तिथे आकडे विचारायचे. कुटुंबनियोजनाच्या केसेस किती, लसी किती, कार्डं किती. पेशंटबद्दल कोणी विचारायचं नाही. दोन वर्षं मात्र एक वैद्यकीय अधिकारी आले होते. ते आकडे संपले की दार लावून घ्यायचे आणि प्रत्येक नर्सबाईला म्हणायचे, या महिन्यात जिच्यामुळे झोप लागली नाही अशी एक केस सांगा. मग बाकीच्या बोलायच्या, मग ते बोलायचे. त्या दिवशी आई घरी यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. त्यांची बदली झाली आणि ते थांबलं. आईची फेलोशिप ती दोन वर्षं.

तुमच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्ष सोबतीने काम करण्याची सोय सरकारने करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रात, आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिरात, रूपांतर झालं. पाच हजार, डोंगराळ भागात तीन हजार माणसांमागे एक तुमच्यासारखा माणूस बसवला. बसवला हे चांगलंच झालं. पण त्याच्यामागे विचारायला कोण, हे ठरलं नाही. आणि हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा ज्या बायका गावोगावच्या आरोग्यसेविका झाल्या त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना एकदा शिकवून पाठवून दिलं नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या, आपापल्या गावातलं काय झालं ते सांगायच्या, एकमेकींचं ऐकायच्या, शिकून परत जायच्या.

तोवर तुम्ही काय कराल? एक दोनशे पानी वही घ्या. दर आठवड्याला एकच पेशंट लिहा, ज्याच्याबद्दल मनात शंका राहिली तो. काय दिसलं, काय वाटलं, काय केलं, पुढे काय झालं. शेवटचं महत्त्वाचं, त्यासाठी पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच्या घरावरून जा. तालुक्यातले तुमच्यासारखे आणखी चार-पाच जण असतील. महिन्याच्या मीटिंगला सगळे येताच, तर ती संपल्यावर अर्धा तास थांबा आणि प्रत्येकाने वहीतली एक केस काढा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना बसायची विनंती करा. नाही बसले तरी तुम्ही बसा. रेंज असेल त्या दिवशी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर, तज्ज्ञांना दाखवताना नुसतं "औषध सांगा" म्हणू नका, "मला हे वाटतंय, काय चुकतंय?" असं विचारा. वेगळं उत्तर मिळतं, मी बघितलं आहे. आणि डायबेटिसचा पेशंट आला की चप्पल काढायला लावून तळवे बघा. तुमच्या भागात अनवाणी चालणारी माणसं जास्त, तिथे काट्याचं तेच होतं जे आमच्याकडे पिनेचं झालं.

मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी इथे प्रीसेप्टर म्हणून बसते, त्या वेळी माझ्या नावावर पेशंट नसतात. गुरुवारी आमचे साडेअकरा वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्र झालेली असते आणि मला अर्धा तास मोकळा असतो. वहीतली पहिली नोंद, पेशंटचं नाव-गाव काढून, संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. फोन लागेल असा नंबरही लिहा.